लेझर खेळातच राहू द्या

लढाऊ विमानांचे खेळ खेळणाऱ्या पोरांना एक गोष्ट तोंडपाठ असते. उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र मागे लागलं की फ्लेअर, म्हणजे जळते तेजस्वी गोळे, सोडायचे. आणि क्षेपणास्त्र नव्या जातीचं, समोरच्याचं चित्र पाहणारं असलं, तर फ्लेअरवर भागत नाही, लेझर लागतो. मग हेलिकॉप्टरच्या अंगावरचा छोटा गोळा गर्रकन वळतो, येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या तोंडावर किरण धरतो आणि क्षेपणास्त्र भरकटून कुठेतरी डोंगरात जातं. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या आहुपे गावात मोबाइलला रेंज मिळवायला माळावर जावं लागत असलं, तरी सुटीला आजोळी येणारी भाचरं हे खेळ खिशात घेऊनच येतात आणि गावातली पोरं त्यांच्या खांद्यावरून डोकावतात. डोकावू द्या. खेळांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. उलट त्या खेळात जे पदार्थविज्ञान आहे ते वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आणि आहुप्याच्या कड्यावर आपण विसरतो, म्हणून हे आवाहन.

आधी खेळातलं खरं किती ते पाहू. जुन्या उष्णताशोधी क्षेपणास्त्राच्या नाकात चित्र वगैरे काही नसायचं. एकच संवेदक, आणि त्याच्यापुढे रेघा-रेघांची फिरती चकती. चकतीमुळे इंजिनाची उष्णता लुकलुकत आत पोहोचायची आणि त्या लुकलुकण्यावरून लक्ष्य डावीकडे की उजवीकडे ते यंत्र ठरवायचं. त्याला फसवणं त्यामानाने सोपं होतं. विमानाने तशाच तालात लुकलुकणारा दिवा लावला, की यंत्राचा दिशेचा हिशोब चुकायचा. जळता फ्लेअर तर इंजिनापेक्षा तेजस्वी, त्यामुळे क्षेपणास्त्र त्याच्यामागे जायचं. हे फ्लेअर नसले की काय होतं ते आपण कारगिलमध्ये पाहिलं. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर गेलेलं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगरने पाडलं आणि आतले चारही जवान गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअरची सोय नव्हती.

नव्या क्षेपणास्त्राच्या नाकात कॅमेराच असतो, फक्त तो उजेडाऐवजी उष्णता पाहतो. शेकडो-हजारो बारीक संवेदक ओळीने मांडलेले, त्यावर विमानाची आकृती उमटते. आपल्या जग्वार विमानांना बसवलेलं अ‍ॅसराम या जातीचं. डीआरडीओचं रणगाडाविरोधी नाग क्षेपणास्त्रही रणगाड्याचं उष्णतेचं चित्र पाहूनच सुटतं. अशा यंत्राला फ्लेअर म्हणजे नुसता तेजस्वी ठिपका. त्याला पंख नाहीत, शेपूट नाही, विमानासारखी चाल नाही. यंत्र त्याला ओळखतं आणि सोडून देतं. लुकलुकण्याची जुनी युक्तीही इथे चालत नाही, कारण फिरती चकतीच उरलेली नाही. राहतो मुख्य मार्ग: कॅमेऱ्याच्या डोळ्यात इतका उजेड ओतायचा की चित्र पांढरंफटक पडावं, किंवा संवेदक जळूनच जावेत.

खेळ बनवणारे इथे बरीच सूट घेतात. खऱ्या जगात आधी क्षेपणास्त्र सुटल्याचं कळावं लागतं, मग थरथरणाऱ्या हेलिकॉप्टरवरून त्याच्या बोटभर नाकावर किरण नेमका धरून ठेवावा लागतो. ताकद कमी पडली तर डाव उलटतो, कारण तो लेझरच सगळ्यात झगझगीत खूण ठरून क्षेपणास्त्र त्याच्याच रोखाने येऊ शकतं. एवढी उठाठेव स्वस्तात होत नाही. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठीच्या दोन बोइंग ७७७ विमानांना अशी लेझर-संरक्षण यंत्रणा विकायला अमेरिकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा अंदाजित किंमत १९ कोटी डॉलर होती.

पोरांनी लक्षात ठेवावी अशी बाब याच्या पुढची आहे. लेझर त्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यातला असेल तरच त्याचा उपयोग. उष्णता पाहणारे बहुतेक संवेदक तीन ते पाच किंवा आठ ते बारा मायक्रॉन लांबीच्या लहरी पाहतात. आपल्याला दिसणारा उजेड मायक्रॉनच्या अर्ध्या-पाऊण भागातला. म्हणजे जत्रेत मिळणारा हिरवा पॉइंटर तुम्ही क्षेपणास्त्रावर रात्रभर रोखून धरलात तरी त्याला त्याचा पत्ता लागणार नाही.

आता हाच नियम स्वतःच्या डोळ्याला लावून पाहा.

माणसाचा डोळा हाही कॅमेराच. पुढे भिंग, मागे संवेदकांचा पडदा. हे भिंग साधारण ०.४ ते १.४ मायक्रॉनपर्यंतच्या लहरी आत सोडतं. क्षेपणास्त्राला आंधळा करणारा तीन-चार मायक्रॉनचा किरण आपल्या डोळ्यात शिरलाच तर तो बुबुळावरच शोषला जातो. जोरदार असेल तर बुबुळ भाजतं, पण पडद्यापर्यंत तो पोचत नाही. मिरवणुकीतला हिरवा, निळा, लाल किरण मात्र थेट पडद्यावर जातो. नुसता जात नाही, एकवटून जातो. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा उद्योग शाळेत प्रत्येकाने केलेला आहे, इथे ते भिंग जन्मापासून डोळ्यात बसवलेलं आहे. लेझरचे किरण जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे डोळ्याचं भिंग त्यांना पडद्यावरच्या केसाहूनही बारीक ठिपक्यात गोळा करतं, आणि तिथली तीव्रता बाहेरच्या सुमारे लाखपट होते. म्हणजे क्षेपणास्त्राला ज्या लेझरचं काहीच वाटत नाही, तोच माणसाचा पडदा जाळायला अगदी योग्य पट्ट्यातला असतो. खेळात याच्या नेमकं उलट चित्र दिसतं.

त्यात पुन्हा पडद्याला दुखत नाही. बुबुळात कुसळ गेलं तर माणूस ओरडतो, पडदा भाजला तर फक्त पाहण्याच्या मधोमध एक काळा किंवा पिवळसर डाग राहतो. उत्सवाच्या गडबडीत तो ‘झगमगाटामुळे असेल’ म्हणून सोडून दिला जातो. सकाळी उठून पेपर वाचायला घेतला की मधली अक्षरं गायब. अक्षरं वाचणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं पडद्यावरच्या पीतबिंदू नावाच्या इवल्याशा जागेची. आणि माणूस ज्या उजेडाकडे टक लावून पाहतो तो बरोबर तिथेच पडतो. तिथे रक्तस्राव झाला किंवा भोक पडलं तर काहींची नजर काही प्रमाणात परत येते. सगळ्यांची येते असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही.

डोळ्याची पापणी पाव सेकंदात मिटते आणि हीच आपली राखण. एक मिलिवॅटच्या आतला पॉइंटर म्हणूनच फारसं नुकसान करत नाही. पण डीजेच्या ट्रसवर लावलेले लेझर मिलिवॅटमध्ये नसतात, वॅटमध्ये असतात. पाव सेकंद त्यांच्यासाठी फार मोठा वेळ आहे. मोठ्या शहरांतल्या कार्यक्रमांत किरण लोकांच्या डोक्यावरून जाईल अशी उंची आणि कोन बांधून देतात. गावातल्या वरातीत लेझर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बांधलेला असतो, रस्ता खड्ड्यांचा असतो आणि ट्रॉली हलत असते. किरण कुठे जाईल ते ऑपरेटरलाही सांगता येत नाही. आणि तो जातो बहुतेक वेळा पुढे नाचणाऱ्या पोरांच्या, बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराच्या तोंडावर. खांद्यावरचं लेकरू गर्दीत सगळ्यात उंच असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हे काही मनाचे खेळ नाहीत. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडदा भाजलेले तरुण आले आणि वर्तमानपत्रांनी ही गोष्ट मोठी केली. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गणपतीच्या आगमन मिरवणुकीत लेझरमुळे एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाच्याही डोळ्याला इजा झाली. म्हणजे नाचायला गेलेला आणि नोकरीवर उभा असलेला, दोघंही सुटले नाहीत. त्यानंतर पुणे, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी लेझरबंदीचे आदेश निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ईदच्या मिरवणुकीतल्या डीजे आणि लेझरचा विषय मुंबई उच्च न्यायालयात निघाला, तेव्हा न्यायालयाने सरळ हिशोब मांडला: गणपतीत जे घातक ते ईदलाही घातकच. मला हे म्हणणं आवडलं. लेझरचा प्रश्न काढला की लगेच ‘आमच्याच सणावर का’ असं विचारणारे सगळीकडे असतात. डोळ्याच्या पडद्याला सण कळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मंडळांच्या बैठकीत वाचून दाखवा. १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्नात जगातल्या देशांनी एक करार मंजूर केला. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेलं लेझर शस्त्र युद्धातसुद्धा वापरायचं नाही, असा तो करार. १९९८ पासून तो लागू आहे आणि भारत त्यात सामील आहे. क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्यावर लेझर मारा, त्याला हरकत नाही, शत्रूच्या सैनिकाच्या डोळ्यावर तो मुद्दाम मारायचा नाही. शत्रूला युद्धात मिळणारी ही सवलत आपल्या वरातीतल्या मामा-मावशीला मिळत नाही. मंडळाचा हेतू वाईट नसतो हे मलाही मान्य आहे. पण पडदा भाजायला हेतू लागत नाही.

आपला भाग याबाबतीत अगदीच अडाणी आहे असंही नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आभाळातल्या क्षीण रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. त्यांना गोंगाट होऊ नये म्हणून आसपासच्या उद्योगांवर आणि रेडिओ यंत्रांवर बंधनं आहेत, पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा त्यांच्यापायी बदलायची वेळ आली. त्यावरून लोकांचा राग आहे, तो समजण्यासारखा आहे. पण नाजूक संवेदकाला सांभाळावं लागतं ही गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नवी नाही, एवढं नक्की.

आता आहुप्याचं बोलू. घोडेगावहून डिंभ्याच्या धरणाकडेने वर आलात की सह्याद्रीच्या धारेवर हे गाव लागतं. घोड नदी इथूनच निघते, खाली मुरबाडचा खोपिवलीचा भाग, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. भैरवनाथाची देवराई, हिरड्याची झाडं, शेकरू. भीमाशंकर अभयारण्याचा हा शेजार आहे. इथे येणाऱ्या पाहुण्यांना रात्री कड्यावर बसून आभाळात किरण सोडायची हौस असते. हिरवा पॉइंटर तारे दाखवायला म्हणून आणलेला असतो आणि थोड्या वेळाने तो दरीत, झाडांवर आणि वरून जाणाऱ्या विमानावर फिरू लागतो.

विमानावर तर अजिबात फिरवू नका. किरण जमिनीवर टाचणीएवढा दिसतो म्हणून तो तसाच वर जातो असं समजू नका. चांगला पॉइंटरसुद्धा हजार मीटरला एक मीटर पसरतो, पाच किलोमीटरवर त्याचा पाच मीटरचा झोत होतो. तो कॉकपिटच्या काचेवर पडला की काच सगळीकडून उजळते आणि अंधाराला सरावलेल्या वैमानिकाला काही क्षण समोरचं दिसत नाही. उंचावरच्या विमानात ते निभावून जाईल. उतरत्या विमानात किंवा डोंगरातून रुग्ण घेऊन जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये ते क्षण महाग पडतात. पुण्याचं लोहगाव हा तर हवाई दलाचाही तळ. तिथल्या विमानतळाभोवती आकाशात लेझर आणि प्रखर झोत सोडायला पोलिसांनी बंदी घातली ती याचसाठी.

पाहुणे इथे काजवे बघायलाही येतात. मेअखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजव्यांना जोडी जमवायला थोडेच दिवस मिळतात. नर चमकून विचारतो, मादी पानाआडून चमकून उत्तर देते. बाहेरचा तेज उजेड पडला की ही बोलणी तुटतात. खेळातल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही त्यांचं जॅमिंग करता. काजवे बघायला आलात तर बॅटरीला लाल जिलेटिन लावा, ती पायाखाली धरा, मोबाइलचा फ्लॅश बंद करा, आणि लेझर घरी ठेवून या. रानात डोळे चमकले म्हणून तिकडे किरण रोखणं तर शुद्ध वेडेपणा. तो बिबट्याही असू शकतो. बिबट्या कुठे आहे ते बघायला वनखात्याकडे उष्णता टिपणारे ड्रोन आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या आणि वनरक्षकाला फोन करा.

आईबापांना एक विनंती. मुलगा जत्रेतून किंवा ऑनलाइन शंभर-दोनशेचा हिरवा पॉइंटर आणतो, त्याच्यावर ‘पाच मिलिवॅटपेक्षा कमी’ अशी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर विसंबू नका. बऱ्याच हिरव्या पॉइंटरमध्ये आधी न दिसणारा अवरक्त किरण तयार होतो आणि स्फटिकातून जाऊन त्याचा हिरवा होतो. उरलेला अवरक्त अडवायला एक छोटा गाळण-काचेचा तुकडा लागतो, स्वस्त मालात तो गाळतात. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये असाच एक पॉइंटर तपासला तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त बाहेर पडत असल्याचं आढळलं. हा किरण दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, बाहुली आवळत नाही. अवरक्त क्षेपणास्त्रांच्या गोष्टी खेळात ऐकणाऱ्या मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा, तो ऐकेल. ‘डोळे जातील’ एवढंच ओरडलात तर नाही ऐकणार.

मोबाइलवर रील काढणाऱ्यांनीही ऐकावं. लेझरच्या समोर धरलेल्या फोनच्या कॅमेऱ्यात कायमची रेघ किंवा ठिपके उमटतात. ते रेकॉर्डिंगमध्येच दिसतात, अनेकांनी पाहिलेही असतील. ज्या किरणाने फोनचा संवेदक गेला, त्याच्यासाठी फोनमागच्या तुमच्या डोळ्याला वेगळा कायदा नाही. फोन बदलता येतो.

तरीही किरण डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नका, कुणी सांगितलेले थेंब घालू नका. दुसऱ्या दिवशी उजेडात एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीच्या पानाकडे पाहा. रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग दिसला, किंवा एका डोळ्याने अक्षरं पुसट वाटली, तर त्याच दिवशी निघा. आहुप्याहून पहिली एसटी धरायची असली तरी धरा. घोडेगाव, मंचर, नारायणगावला डोळ्याचे डॉक्टर भेटतील. त्यांना ‘लेझर लागला’ हे स्वच्छ सांगा आणि बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदा तपासून घ्या. गरज पडली तर ते पुण्याला पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवतील आणि तिथे पडद्याचं थरांचं स्कॅनिंग होईल. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. दुसऱ्याच्या हयगयीने इजा झाली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तक्रार करता येते. त्यासाठी डॉक्टरचा कागद जपून ठेवा.

मंडळाच्या आणि लग्नघरच्या कारभाऱ्यांसाठी शेवटचं. डीजेवाल्याला सुपारी देताना फक्त आवाजाचं आणि वेळेचं बोलणं होतं, लायटिंग ‘त्यात आलीच’ असं धरतात. तसं धरू नका. लेझर नको, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. शार्पी, म्हणजे प्रखर झोताचे दिवे, लावणार असतील तर त्यांचं तोंड वर किंवा भिंतीकडे, माणसांकडे नाही, हेही लिहा. ऑपरेटर म्हणेल, ‘दादा, सगळीकडे लावतो, आजवर काही झालं नाही.’ त्याला विचारा, मागच्या वरातीत नाचलेल्या कुणाचा पडदा त्याने कधी तपासून पाहिला का. आणि गाडी गावात शिरताना एकाला ट्रॉलीवर चढवा, वायरी बघायला सांगा, लेझरची पेटी असेल तर उतरवून मंदिराच्या ओसरीवर ठेवा. वरात संपली की तो घेऊन जाईल.